एक किलो हेरॉइन आणि वरची पाच वर्षे : किमान शिक्षेपुढे जाणाऱ्या एका निकालाचा अभ्यास

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने पंजाबातून आलेले एक फौजदारी अपील फेटाळले. अपील करणाऱ्या इसमाजवळ १ किलो हेरॉइन सापडले होते. विशेष न्यायालयाने त्याला १५ वर्षे सक्तमजुरी आणि २ लाख रुपये दंड अशी शिक्षा दिली होती व उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील खरी चर्चा दोषसिद्धीची नसून शिक्षेची आहे, आणि तीही संपूर्ण शिक्षेची नाही. या गुन्ह्याला कायद्याने किमान १० वर्षांची शिक्षा ठरवून दिलेली आहे; ती कोणत्याही न्यायालयाला कमी करता आली नसती. वाद होता तो वरच्या ५ वर्षांचा.

आरोपीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण या अभ्यासाला त्याची गरज नाही. गरज आहे ती त्या ५ वर्षांचा हिशोब समजून घेण्याची. अमली पदार्थांच्या पुरवठ्याबद्दल शिक्षा ठरवताना न्यायाधीशाच्या हाती नेमके किती आणि काय उरते, हे या एका अपिलात जितके उघडे पडते तितके क्वचितच कोठे पडत असेल.

१० वर्षांपर्यंत कसे पोहोचतो

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे कोर्टकचेरीच्या बोलीत ‘एनडीपीएस’, हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. मूळ कायद्यात बहुतेक सर्व गुन्ह्यांना किमान १० वर्षांची शिक्षा होती आणि जप्त मालाच्या वजनाशी तिचा फारसा संबंध नव्हता. पुडी विकणारा आणि पोती विकणारा कायद्याच्या एकाच ओळीत उभे होते. १९८९ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक केला. पुढे २००१ मध्ये संसदेने हे ओळखले की, सर्वांना एकाच मापाने मोजल्यामुळे व्यसनी माणसे आणि किरकोळ विक्रेते वर्षानुवर्षे तुरुंगात अडकून पडत आहेत, आणि ऑक्टोबर २००१ पासून शिक्षेची तीन पायऱ्यांची रचना लागू झाली.

हेरॉइनपुरते पाहिले तर कलम २१ नुसार ५ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते. त्यासाठी आज कमाल १ वर्ष कारावास, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. २५० ग्रॅम ही ‘व्यापारी’ प्रमाणाची रेषा आहे. या दोहोंच्या मधल्या प्रमाणासाठी १० वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तेथे किमान शिक्षा नाही, त्यामुळे न्यायालयाला मोकळीक भरपूर आहे. व्यापारी प्रमाणाच्या पायरीवर मात्र किमान १० आणि कमाल २० वर्षे, तसेच किमान १ लाख आणि साधारणतः कमाल २ लाख रुपये दंड आहे. कारणे नोंदवून दंड त्याहूनही वाढवता येतो. कोकेनसाठी याच रेषा २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, चरसासाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, तर गांजासाठी १ किलो आणि २० किलो अशा आहेत.

आपल्या प्रकरणातील १ किलो हेरॉइन म्हणजे २५० ग्रॅमच्या रेषेच्या चौपट. सर्वोच्च न्यायालयाने याच पटीवर भर दिला आणि पुढचा सगळा युक्तिवाद तिच्याभोवतीच फिरतो, म्हणून ही पट येथेच लक्षात ठेवावी.

वजन कशाचे करायचे

तराजूत नेमके काय ठेवायचे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. बाजारात येणारे हेरॉइन शुद्ध नसते. त्यात अन्य पदार्थ मिसळलेले असतात आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात शुद्धतेची टक्केवारी येते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ४ किलोंहून थोडा अधिक माल होता, पण दोन नमुन्यांतील हेरॉइनचे प्रमाण अनुक्रमे १.४ आणि १.६ टक्के भरले. न्यायालयाने केवळ शुद्ध अंश धरला, तो सुमारे ६० ग्रॅम निघाला, म्हणजे प्रकरण व्यापारी पायरीवरून मधल्या पायरीवर उतरले आणि शिक्षा १० वर्षांवरून ६ वर्षांवर आली.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचना काढून हा हिशोब बदलला. जप्त झालेल्या संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे, निव्वळ शुद्ध अंशाचे नव्हे, असे तिच्यात म्हटले होते. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती अधिसूचना वैध ठरवली आणि २००८ चा दृष्टिकोन चुकीचा असल्याचे सांगितले. तटस्थ भेसळ पदार्थासह एकूण वजन मोजायचे, हाच आजचा कायदा आहे.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. दीड टक्का शुद्धतेचा १ किलो माल धरला, तर त्यात हेरॉइन फक्त १५ ग्रॅम असते. २००८ च्या हिशोबाने हा मधल्या पायरीचा गुन्हा ठरला असता आणि न्यायालय १० वर्षांपर्यंतची कोणतीही योग्य शिक्षा देऊ शकले असते. आजच्या हिशोबाने तोच माल व्यापारी प्रमाणाच्या चौपट ठरतो आणि शिक्षा १० वर्षांखाली येऊच शकत नाही. पुडीतली भेसळही ग्राहकाच्या शरीरात जाते आणि विक्रेता ती हेरॉइन म्हणूनच विकतो, हे २०२० च्या निकालामागचे तर्कशास्त्र मला पटते. परंतु पायरी ठरवण्यासाठी एकूण वजन धरणे ही एक गोष्ट आणि पायरी ठरल्यानंतर तेच वजन शिक्षा आणखी वाढवण्यासाठी पुन्हा वापरणे ही दुसरी. त्या दुसऱ्या टप्प्यावर तरी शुद्धतेची टक्केवारी न्यायाधीशाने विचारात घ्यावी. वजन चौपट असणे म्हणजे अपाय चौपट असणे नव्हे.

कलम ३२ ब : एका उपवाक्याचा प्रश्न

अपिलातील मुख्य मुद्दा कलम ३२ ब वर उभा होता. २००१ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम, किमान शिक्षेपेक्षा अधिक शिक्षा देताना न्यायालयाने विचारात घ्यावयाच्या सहा बाबी सांगते. आरोपीने हिंसेचा किंवा शस्त्राचा वापर केला अथवा धाक दाखवला का. तो सार्वजनिक पदावर होता आणि त्या पदाचा त्याने फायदा घेतला का. गुन्ह्यात अल्पवयीन मुले भरडली गेली किंवा वापरली गेली का. गुन्हा शिक्षणसंस्थेत, समाजसेवी संस्थेत किंवा त्यांच्या अगदी लगतच्या परिसरात घडला का. आरोपी संघटित टोळीचा, आंतरराष्ट्रीय वा अन्य, सदस्य आहे का. आणि या गुन्ह्याच्या आधारे तो इतर बेकायदा कृत्यांतही गुंतला होता का.

ही यादी मुळात आपल्या संसदेची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या व्हिएन्ना करारातील अनुच्छेद ३(५) मध्ये गुन्ह्याला विशेष गंभीर बनवणारी परिस्थिती म्हणून जवळजवळ हीच सूची आहे. त्यातील कारागृहात केलेला गुन्हा आणि पूर्वीची दोषसिद्धी या दोन बाबी ३२ ब मध्ये उतरल्या नाहीत. पूर्वीच्या दोषसिद्धीसाठी आपल्याकडे कलम ३१ स्वतंत्रपणे आहे, त्यात किमान आणि कमाल दोन्ही शिक्षा दीडपट होतात. यादीतल्या सहाही बाबींना जोडणारा एक धागा आहे. त्या सर्व आरोपीने काय केले, कोणत्या अधिकाराने केले आणि कोणाच्या साथीने केले, याविषयी आहेत. वजनाविषयी त्यांपैकी एकही नाही.

आरोपीच्या वकिलांचा युक्तिवाद येथूनच सुरू झाला. सहांपैकी एकही बाब या प्रकरणात सिद्ध झालेली नाही. मग किमान शिक्षेच्या वर जाण्याचा अधिकार न्यायालयाला मिळतो कोठून? युक्तिवाद नीटस आहे, पण कलमाच्या आरंभी असलेल्या एका उपवाक्यापाशी तो अडतो. ‘न्यायालयास योग्य वाटतील अशा बाबींखेरीज’ पुढील बाबीही विचारात घेता येतील, अशी त्या कलमाची रचना आहे. म्हणजे सहा बाबी या जादा आहेत. मूळ विवेकाधिकार त्यांच्याआधीच गृहीत धरलेला आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या उपवाक्याचा असाच अर्थ लावला होता. यादी संपूर्ण नाही आणि मालाचे प्रमाण ही न्यायालयाला ‘योग्य वाटणारी’ बाब असू शकते, असे त्या निकालाने सांगितले. २०२१ च्या खंडपीठाने तोच अर्थ स्वीकारला आणि व्यापारी प्रमाणाच्या चौपट माल हे किमान शिक्षेच्या वर जाण्याचे पुरेसे कारण मानले.

वैधानिक अर्थान्वयन म्हणून हे बरोबरच आहे. व्यापारी प्रमाणाला वरची मर्यादा नाही. २५१ ग्रॅम आणि २५० किलो एकाच पायरीवर येतात आणि त्या पायरीवरच्या १० ते २० वर्षांच्या पट्ट्यात वजनाकडे न पाहणे अशक्यच आहे. माझा आक्षेप प्रमाण विचारात घेतले याला नाही. ते उपवाक्य एकाच दिशेने उघडले गेले, याला आहे.

गरीब, वाहक आणि एकटा कमावता

शिक्षा सौम्य करावी म्हणून तीन गोष्टी पुढे करण्यात आल्या होत्या : आरोपी गरीब आहे, तो केवळ वाहक आहे आणि घरात तो एकटाच कमावता आहे. न्यायालयाने या तिन्ही एकत्र घेऊन बाजूला ठेवल्या. एनडीपीएस कायद्याखाली शिक्षा ठरवताना गरिबी, वाहक असणे किंवा घरातला एकमेव कमावता असणे या आरोपीच्या बाजूने शिक्षा सौम्य करणाऱ्या बाबी होऊ शकत नाहीत, असा त्या विधानाचा आशय आहे. खून करणारा एकदोघांचा जीव घेतो, पण अमली पदार्थांचा धंदा करणारे असंख्य निष्पाप तरुणांच्या मृत्यूला कारण ठरतात, हा सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्वीच्या निकालांतून चालत आलेला विचारही येथे पुन्हा आला.

हे तिन्ही मुद्दे एका दमात फेटाळले गेले, तेथेच निकालाचा हिशोब चुकला असे मला वाटते. गरिबी आणि कुटुंबाचा भार या आरोपीच्या आयुष्याविषयीच्या गोष्टी आहेत. त्या करुण असतात, पण गुन्ह्यातील दोष त्यांनी आपोआप कमी होत नाही, आणि त्यांना फार वजन दिले तर टोळ्या मुद्दाम अशीच माणसे पुढे करतील ही भीती खरी आहे. ‘वाहक’ हा शब्द मात्र आरोपीच्या हालअपेष्टांचे वर्णन करत नाही. तो गुन्ह्यातील त्याच्या भूमिकेचे वर्णन आहे. माल कोणाचा, किती पाठवायचा, कोठे पोहोचवायचा, भाव काय, नफा कोणाचा, यांपैकी एकही निर्णय वाहकाच्या हातात नसतो. बंद पाकीट एका ठिकाणाहून उचलायचे आणि दुसऱ्या ठिकाणी द्यायचे एवढेच त्याचे काम, आणि मोबदला म्हणून ठरलेली रक्कम. दया आणि दोषाचे तारतम्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहक असण्याचा मुद्दा दयेच्या खात्यात टाकला गेला आणि तेथेच तो संपला.

याची दुसरी बाजू अधिक खुपते. माल १ किलो असावा की २०० ग्रॅम, हे वाहक ठरवत नाही, मालक ठरवतो. मग प्रमाणाच्या आधारे ५ वर्षे वाढवताना आपण प्रत्यक्षात मालकाच्या आवाक्याचे माप घेतो आणि त्याची शिक्षा वाहकाच्या पदरात टाकतो. वजन एकदा पायरी ठरवताना मोजले गेले, दुसऱ्यांदा पायरीच्या आत शिक्षा चढवताना मोजले गेले. ज्या गोष्टीवर आरोपीचा स्वतःचा ताबा होता ती, म्हणजे त्याची भूमिका, एकदाही मोजली गेली नाही. येथे हेही नमूद केले पाहिजे की, हा आरोपी खरोखर वाहकच होता का, यावर मी काही म्हणत नाही. तसे नसते आणि न्यायालयाने पुरावा तपासून ‘हा वाहक नव्हे’ असे म्हटले असते, तर तक्रारीला जागा उरली नसती. भूमिका हा मुद्दाच तत्त्वतः गैरलागू ठरवणे, ही वेगळी आणि अधिक गंभीर गोष्ट आहे.

सर्वोच्च न्यायालयाचीच वाट नेहमी अशी नव्हती. २०१२ मध्ये गुजरातेतून आलेल्या एका अपिलात, ब्राउन शुगर बाळगल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा झालेल्या आरोपींचा हा पहिलाच गुन्हा असून ते केवळ वाहक होते हे लक्षात घेऊन दोन न्यायाधीशांच्या पीठाने कारावास किमान मर्यादेवर, म्हणजे १० वर्षांवर आणला. आणि दंड न भरल्यास भोगावयाची ३ वर्षांची वाढीव कैद त्यांची गरिबी पाहून ६ महिन्यांवर आणली. त्याआधी २००५ मध्येही पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याची १४ वर्षांची शिक्षा १० वर्षांवर आणली गेली होती. हे आरोपी निर्दोष सुटले नाहीत, किमान शिक्षेच्या खाली कोणी गेले नाही. किमान आणि कमाल यांच्या मधल्या पट्ट्यात भूमिका आणि पूर्वेतिहास यांना स्थान मिळाले, इतकेच.

वाहकाला सूट दिली तर पुरवठ्याची साखळी चालूच राहील, हा प्रतिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. वाहक नसेल तर माल हलत नाही, हे निर्विवाद आहे. पण येथे सूट कोणी मागतच नाही. १० वर्षे सक्तमजुरी ही वाहकाला मिळणारच आहे. पाकीट हातात घेणारा माणूस पंधराऐवजी दहाच वर्षे आत जावे लागेल असा हिशोब करून ते घेतो, असे मानायला कोणताही आधार नाही. पकडले जाण्याची शक्यता त्याला दिसते. दहा आणि पंधरामधला फरक न्यायालयात उभा राहिल्यावरच दिसतो.

त्याच महिन्यात, दुसरीकडे

योगायोग असा की, इंग्लंड आणि वेल्समध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीच्या शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांची सुधारित आवृत्ती १ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे आपल्या निकालाच्या महिन्यातच लागू झाली. तेथेही वजनापासूनच सुरुवात होते. हेरॉइन किंवा कोकेन १ किलोच्या आसपास असेल तर अपायाचा दुसरा गट धरला जातो. त्यानंतर मात्र आरोपीची भूमिका ठरवावी लागते आणि तिचे तीन प्रकार आहेत : सूत्रधाराची, लक्षणीय आणि गौण. पुरवठ्याच्या गुन्ह्यात या वजनाला सूत्रधारासाठी हिशोबाचा आरंभबिंदू ११ वर्षांचा, लक्षणीय भूमिकेसाठी ८ वर्षांचा आणि गौण भूमिकेसाठी ५ वर्षांचा आहे. गौण भूमिकेचा एकूण पट्टा साडेतीन ते सात वर्षांचा आहे. दुसऱ्याच्या हुकमावर मर्यादित काम करणे, दबाव किंवा धाक यांमुळे ओढले जाणे, वरच्या लोकांवर कसलाही प्रभाव नसणे, ही गौण भूमिकेची लक्षणे म्हणून लेखी दिलेली आहेत. गुन्हा पहिल्याच संधीला कबूल केला तर शिक्षा एक तृतीयांशापर्यंत कमी होते. आपल्याकडे ७ वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना वाटाघाटीतून कबुलीची तरतूदच लागू नाही, आणि आरोपीने स्वतःहून कबुली दिली तरी व्यापारी प्रमाणाचे किमान १० वर्षांचे कुंपण हलत नाही.

तेथील आकडे येथे आणावेत असे माझे म्हणणे नाही. तो कायदा, तेथील कमाल मर्यादा आणि तुरुंगातून सुटकेचे नियम सर्वस्वी वेगळे आहेत. घ्यायची आहे ती पद्धत. न्यायाधीशाला भूमिका कोणती ते लिहावेच लागते, आणि लिहिले म्हणजे त्यावर अपिलात बोलता येते. आपल्या निकालांत ‘चौपट’ हा शब्द सापडतो, पण चौपटीला ५ वर्षे का, ३ किंवा ७ का नाहीत, याचे उत्तर सापडत नाही.

शिक्षेवरची सुनावणी

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) ने, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) ने, दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे न्यायालयावर बंधनकारक आहे. ही सुनावणी प्रत्यक्षात कशी होते? निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचून होतो. न्यायाधीश आरोपीकडे पाहून विचारतात, “शिक्षेबाबत तुम्हाला काही सांगायचे आहे का?” आरोपी हात जोडून सांगतो की मुले लहान आहेत, आई म्हातारी आहे, कमावणारे दुसरे कोणी नाही. त्याचे वकील ‘कमीत कमी शिक्षा व्हावी’ म्हणतात, सरकारी वकील ‘समाजाला जरब बसेल अशी शिक्षा व्हावी’ म्हणतात. दोन-तीन ओळींत हे सारे नोंदले जाते आणि शिक्षा जाहीर होते. आरोपीला स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नावर बोलायला मिळालेली ही एकुलती एक संधी, आणि ती गरिबीचे गाऱ्हाणे मांडण्यात संपते. अपिलात ‘गरीब, वाहक, एकटा कमावता’ अशी त्रयी तयार होते ती येथेच.

भूमिकेचा मुद्दा गाऱ्हाणे म्हणून नव्हे, तर पुराव्याचा निष्कर्ष म्हणून मांडायला हवा, आणि त्यासाठी लागणारे साहित्य बहुधा आरोपपत्रातच पडून असते. पंचनाम्यात फक्त एक सीलबंद पाकीट आणि प्रवासाचे तिकीट आहे, की पाकिटाबरोबर वजनकाटा, रिकाम्या पुड्या, हिशोबाची वही आणि रोकडही आहे? गाडी कोणाच्या नावावर आहे? तिकिटाचे पैसे कोणत्या खात्यातून गेले? मोबाइलच्या कॉल तपशिलात सतत येणारा एकच क्रमांक आहे, की अनेक ग्राहकांचे क्रमांक आहेत? गेल्या वर्षभरात आरोपीच्या बँक खात्यात काय हालचाल झाली? सीलबंद पाकीट घेऊन निघालेला इसम आणि वजनकाट्याशेजारी पुड्या बांधताना सापडलेला इसम यांच्याकडील माल तितकाच भरू शकतो. पण दोघांचा दोष सारखा नाही, आणि तो फरक पंचनाम्याच्या पानावर लिहिलेला असतो. कलम ३५ आणि ५४ मधील गृहीतके दोषसिद्धीसाठी आरोपीवर भार टाकतात. शिक्षेच्या टप्प्यावर आरोपी सूत्रधारच आहे असे मानणारे कोणतेही गृहीतक कायद्यात नाही.

सूत्रधार मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात क्वचितच दिसतो, आणि याचे एक कारण तपासातच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की, कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही. हा निकाल आवश्यक होता, कारण केवळ अशा जबाबांवर माणसे तुरुंगात गेली होती. त्याचा परिणाम म्हणून, वाहकाने नाव घेतले एवढ्यावर मालकापर्यंत पोहोचता येत नाही. पैशांचा माग, फोनचा माग, कलम ५० अ खालील नियंत्रित पोच (माल पाळतीखाली पुढे जाऊ देऊन घेणाऱ्यापर्यंत पोहोचणे) यांसारखी कष्टाची कामे करावी लागतात. ती न करता वाहकाला ५ वर्षे जास्त देऊन तपासातली उणीव भरून निघत नाही.

पंधरा म्हणजे किती

शिक्षेचा आकडा कागदावर एक असतो आणि तुरुंगात दुसरा. एनडीपीएसमध्ये या दोहोंतील अंतर फार थोडे आहे. कलम ३२ अ नुसार या कायद्याखालील शिक्षा, कलम २७ मधील सेवनाच्या गुन्ह्याचा अपवाद वगळता, स्थगित करता येत नाही, तिच्यात सूट देता येत नाही आणि ती सौम्य करता येत नाही. २००० मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा एक भाग घटनाबाह्य ठरवला : अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा अपील न्यायालयाचा अधिकार काढून घेता येणार नाही. तो अधिकारही कलम ३७ मधील जामिनाच्या कडक अटींच्या अधीनच राहिला. पॅरोलला ३२ अ ची आडकाठी नाही, आणि राष्ट्रपती व राज्यपाल यांचे राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ आणि १६१ खालील शिक्षामाफीचे अधिकारही अबाधित आहेत, हे त्याच निकालाने स्पष्ट केले. पण चांगल्या वर्तणुकीची जी सूट तुरुंगात इतर कैद्यांना महिन्यामहिन्याने जमा होत जाते, ती या कैद्यांच्या खात्यावर जमा होत नाही. वजा होतात ते फक्त खटल्यादरम्यान कोठडीत काढलेले दिवस.

म्हणून खुनाशी केलेली तुलना येथे पुन्हा तपासून पाहावी लागते. खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या कैद्याचा सुटकेसाठीचा अर्ज प्रत्यक्ष १४ वर्षे भोगून झाल्यावर राज्य सरकारला विचारात घेता येतो. १ किलो हेरॉइनसह पकडलेला इसम मात्र १५ वर्षांपैकी पंधरावे वर्षही भोगणार. त्या पंधराव्या वर्षाचा, आणि त्याआधीच्या चार वर्षांचा, आधार म्हणून निकालात लिहिलेली गोष्ट एकच आहे : माल २५० ग्रॅमच्या चौपट होता.

२०१२ आणि २०२१ हे दोन्ही निकाल प्रत्येकी दोन न्यायाधीशांच्या पीठांचे आहेत. १० ते २० वर्षांच्या पट्ट्यात वाहकाच्या भूमिकेला स्थान आहे असे एकाने दाखवून दिले, ते असू शकत नाही असे दुसऱ्याने म्हटले. जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात पुढचे १ किलोचे प्रकरण शिक्षेसाठी उभे राहील तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी २०१२ चा निकाल, कॉल तपशील आणि पंचनाम्याचे ते पान, या तिन्ही गोष्टी एकत्र न्यायाधीशांसमोर ठेवाव्यात आणि भूमिकेवर लेखी निष्कर्ष मागावा. निकालपत्रात तो निष्कर्ष आला नाही, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच असावा.